कडी आतल्या बाजूला

अंडीवालीचं नाक जन्मतः सरळ होतं, असं तिची आई शपथेवर सांगायची. ते मुरडलं ते धंद्यानं. मंडईच्या मागच्या रांगेत, जिथं छताचा पत्रा संपतो आणि बर्फाच्या गोदामाची भिंत सुरू होते, त्या कोपऱ्यात तिचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी फळी, फळीवर अंड्यांचे ट्रे आणि वर लोंबणारा एक दिवा. गिऱ्हाईक आलं की ती एकेक अंडं उचलून दिव्यासमोर धरी, एक डोळा मिटे, अंडं गर्रकन फिरवी आणि मग नाकाशी नेई. पसंत नाही पडलं तर नाक असं काही मुरडे, की गिऱ्हाइकाला वाटे, आपल्याच हातून काहीतरी घडलं.

समोरच्या गाळ्यातला कुलूपवाला तिला विचारी, "कवच शाबूत असताना तुला वास येतो तरी कसा?"

"तुला येत नाही? मग एकदा नाक खोलून तेल घाल त्यात."

मंडईनं तिचं नाव 'नाकमुरडी' ठेवलं होतं आणि ते तिच्या तोंडावर घेतलं जाई. तिला त्याचं काही वाटत नसे. वाटण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या. मटणाच्या गाळ्यातला जुना सुरा, मापात आंगठा घालणारा दूधवाला, एकाच रुमालानं आधी काउंटर आणि मग कपाळ पुसणारा चहावाला, या सगळ्यांचा तिला रोज नव्यानं वीट येई. पण ज्या एका गोष्टीनं तिला खरोखर शिसारी यायची, ती गोष्ट बर्फाच्या गोदामामागे होती.

मंडईत गाळे होते, छत होतं, वजनकाटे तपासणारा माणूस होता, कबुतरांना बसायला तुळया होत्या. बायकांना जायला जागा नव्हती. पुरुषांना होती. नव्हती तिथंही होती, कारण पुरुषाला एक भिंत दिसली की त्याचं काम भागतं. बायकांनी मात्र गोदामामागच्या चिखलात जायचं, आणि तेही एकटीनं नाही. दोघींनी दोन टोकांनी गोणपाट धरायचं, तिसरीनं मध्ये बसायचं. "गोणी धर गं" एवढं म्हटलं, की शेजारीण तराजू खाली ठेवून उठायची. गोणी कशी धरायची याचीही रीत होती: तोंड बाहेर, पाठ आत, आणि कोणी दिसलं की मोठमोठ्यानं भाज्यांबद्दल बोलायला लागायचं.

त्यामुळे मंडईतल्या बायका पाणी पीतच नसत. मंडईत नवी बाई धंद्याला बसली, की तिला पहिल्याच दिवशी हे शिकवलं जाई. तराजू धरायला त्यानंतर शिकवत. घसा सुकला की चूळ भरायची आणि थुंकायची. जीभ फसते, पोटाला पत्ता लागत नाही. भर उन्हाळ्यात पाण्याने भरलेल्या बादल्यांनी पालेभाज्या भिजवणाऱ्या या बाया स्वतः मात्र सुकून खारकेसारख्या झालेल्या असत.

या विद्येत सगळ्यांत वाकबगार होती अंडीवालीची नणंद. तिचा भाजीचा गाळा अगदी लागून. अंडीवालीच्या नवऱ्याची ती थोरली बहीण, अंगानं मोठी, आवाजानं त्याहून मोठी. एकदा गोणीच्या आड बसलेली असताना गोदामाच्या वरच्या खिडकीतून कोणीतरी शीळ घातली, तेव्हापासून ती गोदामामागे गेली नव्हती. पहाटे घरून निघायची ती दिवस कलल्यावर घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंब नाही.

"माझं पोट म्हणजे तिजोरी आहे," ती अभिमानानं सांगायची. "किल्ली फक्त घरी."

तिजोरी अधूनमधून पेटायची. आधी जळजळ, मग कळा, मग हुडहुडी भरून ताप. नणंद चार दिवस अंथरुणाला खिळली की तिची थोरली मुलगी शाळा सोडून चुलीपाशी उभी राही, धाकटी रडत बसे, आणि नवरा डोक्याला फडकं बांधून कोपऱ्यात पडे. घरातली बाई आजारी पडली की त्यालाच कणकण यायची, असा त्याचा नाजूक बांधा होता. ताप उतरला की नणंद पुन्हा गाळ्यावर. पुन्हा चूळ, पुन्हा थुंकणं.

"वन्सं, घोटभर तरी घ्या," अंडीवाली म्हणे. "गोणी मी धरते."

"तू धरशील गं. पण त्या खिडकीला गोणी कोण धरणार?"

अंडीवाली नाक मुरडून पुढचं अंडं उचली.

*

अंडीवालीचा नवरा पंखे दुरुस्त करायचा, असं दुकानाच्या पाटीवर लिहिलं होतं. गिऱ्हाइकांचे पंखे धूळ खात पडलेले असत, आणि हा लोकांना वारा घालत फिरे. सगळं गाव त्याला 'भाऊ' म्हणे. घरात त्याची आई त्याला 'बाळ्या' म्हणे, आणि ती हाक रस्त्यावर ऐकू जाऊ नये म्हणून तो खिडक्या लावून घेई. नगरपालिकेच्या निवडणुकीला तो दर वेळी उभा राही आणि दर वेळी आडवा होई. मंडईचा वॉर्ड हा आपलाच आहे, फक्त लोकांच्या ते लक्षात येत नाही, असं त्याचं म्हणणं.

एका वर्षी जाहीर झालं, की या खेपेला मंडईच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव. भाऊ दोन वेळा जेवला नाही. तिसऱ्या वेळी जेवायला बसला आणि बायकोकडे बघत राहिला. लग्नातही त्यानं तिला इतकं निरखून पाहिलं नव्हतं. अंडं दिव्यासमोर धरावं तसं पाहिलं.

"तू उभी राहा," तो म्हणाला.

"सकाळपासून उभीच आहे," भांडी घासता घासता अंडीवाली म्हणाली.

"अगं, निवडणुकीला. तुला काही करायचं नाही. भाषण मी करीन, फिरेन मी, सगळं मी. तू फक्त हात जोडायचे."

अंडीवालीनं हातातलं पातेलं पालथं घातलं. सासूबाई दाराशी बसून डाळ निवडत होत्या, त्यांनीही हात थांबवला.

"एका गोष्टीवर," अंडीवाली म्हणाली. "मंडईत बायकांसाठी जागा बांधायची. चार भिंती, नळ, आणि आतून लागणारं दार."

"एवढंच ना? एक सोडून दहा बांधू!"

"दहा नकोत. एकच बांधा, पण बांधा."

प्रचाराचा फोटो काढायला भाऊ तिला स्टुडिओत घेऊन गेला. फोटोवाल्यानं स्टुलावर बसवलं, मान इकडे केली, हनुवटी तिकडे केली, आणि कपाळाला हात लावला. बाईचं नाक काही खाली येईना. स्टुडिओतल्या पडद्याला कुबट वास येत होता.

"ताई, थोडं हसा की. मनात काहीतरी छान आणा. तुम्हाला आयुष्यात सगळ्यात जास्त काय हवंय, ते डोळ्यांपुढे आणा."

अंडीवालीनं डोळे मिटले. डोळ्यांपुढे एक खोली आली. पांढऱ्या फरशा. कोरडी जमीन. कोपऱ्यात नळ, त्याखाली बादली. आणि दाराला आतून कडी. चकचकीत, पितळी, बोटानं सरकवली की खट्ट आवाज करणारी. ती आत उभी आहे आणि बाहेर कोणीही शीळ घातली तरी तिचं काहीही बिघडत नाही. अंडीवालीनं डोळे उघडले आणि ती हसली. तसं हसताना तिला सासर-माहेरात कोणी पाहिलं नव्हतं.

"वा!" फोटोवाला म्हणाला. "यजमानांची आठवण काढली वाटतं?"

ते हसू मोठमोठ्या लाकडी फलकांवर चढलं आणि वॉर्डभर उभं राहिलं. मंडईतल्या बायकांना तो चेहरा ओळखायलाच येईना. "ही आपली नाकमुरडी?" त्या म्हणत. मग त्या हसण्याचं कारण अंडीवालीनं गोणी धरता धरता सगळ्यांना सांगितलं, आणि झालं. मतदानाच्या दिवशी मंडईच्या सगळ्या बाया रांग लावून उभ्या राहिल्या. ऊन रणरणत होतं. कोणी पाणी प्यायलं नाही. त्यांना सवयच होती.

अंडीवाली निवडून आली.

*

निवडून कोण आलं, हे मात्र पहिल्याच सभेत कळलं. सभागृहात लांबलचक टेबल होतं, टेबलाभोवती गाद्यांच्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीसमोर नावाची पट्टी. अंडीवालीच्या नावाच्या पट्टीमागे भाऊ बसला.

"तुला ती भाषा समजायची नाही," तो कानाशी म्हणाला. "तू तिकडे बस. काही लागलं तर सांगतो."

तिकडे म्हणजे भिंतीलगत. तिथं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती आणि वॉर्डावॉर्डातून निवडून आलेल्या इतर बाया मांडीवर पिशव्या घेऊन, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशा बसल्या होत्या. कोणाचा नवरा टेबलाशी, कोणाचा दीर, एकीचा तर जावई. अध्यक्ष मधूनच विचारत, "यावर मेंबरबाईंचं मत काय?" आणि मागे वळूनही न बघता भाऊ म्हणे, "त्यांचं हेच मत आहे."

चहा यायचा. भिंतीलगतच्या बाया तो हातोहात पुढे सरकवायच्या. "आत्ताच घेतला", "सवय नाही", "पित्त होतं". शेजारच्या पिकल्या केसांच्या मेंबरबाईंनी अंडीवालीच्या कानात खरं कारण सांगितलं. इमारतीत बायकांची जागा आहे एक, पण तिच्यात चौकीदार सायकल ठेवतो. सायकलीला ऊन लागू नये म्हणून.

अंडीवालीचं नाक मुरडलं ते सभा संपली तरी सरळ झालं नाही. घरी आल्यावरही सुटका नव्हती. पूर्वी घरी येऊन ती स्वयंपाक करायची. आता येऊन भाऊच्या बैठकीला चहा करायची, मग स्वयंपाक करायची. बाहेरच्या खोलीत दहा माणसं सोफ्यावर पाय दुमडून 'साहेब, साहेब' करत बसत, आणि आत साहेब ज्यांच्या जागी बसत त्या मेंबरबाई कपबश्या विसळत. बैठकीतली माणसं भाऊच्या घरच्या संडासात जाऊन येत आणि जाताना नळ उघडाच टाकत. सासूबाई नळ बंद करायला उठत आणि येताना एवढंच म्हणत, "सूनबाई, निवडून तू आलीस ना? मग गुडघे माझे का दुखतात?"

पण एक गोष्ट खरी. जागा बांधली गेली. बर्फाच्या गोदामाच्या भिंतीला लागून, चिखल होता तिथंच, गुलाबी रंगाची टुमदार खोली उभी राहिली. भिंतीत संगमरवर बसवला. त्याच्यावर अध्यक्षांचं नाव मोठं, भाऊचं त्याहून किंचित लहान, आणि खाली कोपऱ्यात, दगडाला चीर गेली होती तिथं, अंडीवालीचं. फीत कापायला तिलाच पुढे केलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले, आणि मंडईतल्या बाया दाराकडे वळल्या, तसा भाऊ हात पसरून आडवा आला.

"आत्ता नाही! पाण्याचं कनेक्शन व्हायचंय. आठवड्याभरात होईल."

दाराला बाहेरून जाडजूड कडी-कोयंडा होता. त्याला भाऊनं नारळाएवढं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

आठवडा गेला, महिना गेला, उन्हाळा गेला, थंडी आली. बाया विचारायच्या आणि अंडीवाली सांगायची, "पाणी जोडलं की उघडणार." तिला घरी तसंच सांगितलेलं होतं. पुढेपुढे विचारण्याला धार येऊ लागली. "मेंबरबाई, नळ वाट चुकला काय?" "मेंबरबाई, संगमरवर बघूनच मोकळं व्हायचं काय आम्ही?" गोणी धरायला बोलावलं तरी आता तिला कोणी हाक मारेना. दुसऱ्या दोघींना बोलवत. तिला ते सगळ्यात जास्त लागलं.

*

आणि मग नणंद गाळ्यावरच कोसळली. काकड्यांच्या ढिगावर. ताप असा, की अंगाला हात लावला की हात मागे घ्यावा. कुलूपवाल्यानं आपली हातगाडी रिकामी केली, तिच्यावर घालून तिला इस्पितळात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि अंडीवालीला समोर बसवून सांगितलं, एक मूत्रपिंड सुजलंय. या वेळी औषधावर निभावलं. "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तासातासाला पाणी प्यायला लावा त्यांना."

खाटेवरून नणंदेनं क्षीण आवाजात विचारलं, "आणि मग?"

"मग काय? लागेल तेव्हा जाऊन यायचं."

नणंद-भावजयींनी एकमेकींकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागे, त्यांच्या खोलीतच, एक अर्धवट उघडं दार होतं आणि आत पांढऱ्या फरशा चमकत होत्या.

"बरं," नणंद म्हणाली.

"गाळा सोडा म्हणावं तर..." अंडीवाली तिला इस्पितळातून सोडवून घरी आणताना बोलून गेली.

"गाळा सोडून खायचं काय? माझ्या नवऱ्याची कणकण?" नणंद म्हणाली. "थोरलीला पुन्हा शाळेत घातलंय. आता तिला काढणार नाही मी. मेले तरी."

त्या दिवशी जेवताना अंडीवालीनं विषय काढला. "अहो, पाण्याचं काय झालं? ती किल्ली तरी द्या. आम्ही बादल्यांनी पाणी नेतो."

भाऊनं घास गिळला. "किल्ली माझ्याकडे कुठाय? ऑफिसात असते. वरून आदेश आल्याशिवाय उघडता येत नाही. सरकारी काम आहे, अंड्यांचा ट्रे नाही."

"मग तुझ्या जुडग्यात ती मोठी पिवळी किल्ली कसली रे, बाळ्या?" सासूबाईंनी विचारलं.

"ती... ती पंपाच्या खोलीची."

"आपल्याकडे पंप कुठाय?"

"आई, तू जेव. राजकारणातलं तुला काय कळतं?"

अंडीवालीनं त्याच्या खिशाकडे पाहिलं. कवच शाबूत होतं, पण वास आला होता.

*

दुसऱ्या दिवशी नणंद गाळ्यावर येऊन बसली, हात-पाय काटक्यांसारखे. अंडीवालीनं डॉक्टरीणबाईंची गोळी दिली, पाण्याची बाटली दिली. नणंदेनं गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला, गालांत इकडून तिकडे खुळखुळवला आणि मान वळवली.

"प्यायले बघ."

"वन्सं, थुंकलात तुम्ही."

"गोळी गेली की आत."

"आणि पाणी नालीत गेलं!"

"मग काय करू?" नणंद एकदम ओरडली. तो मोठा आवाज आता फाटका झाला होता. "पिऊ, आणि त्या खिडकीखाली जाऊन बसू? तुझ्या संगमरवराच्या शेजारी?"

अंडीवालीनं हातातलं अंडं ट्रेमध्ये ठेवलं, फळीवरचा दिवा मालवला, आणि समोरच्या गाळ्यात जाऊन उभी राहिली.

"चल. एक कुलूप तोडायचंय."

कुलूपवाल्याला कुठलं ते सांगावं लागलं नाही. त्यानं कानस हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. "बाई, ते मेंबरसाहेबांचं कुलूप आहे."

"मेंबर कोण आहे?"

"म्हणजे... भाऊच की."

"तू मत कुणाला दिलंस?"

"तुम्हाला."

"फलकावर तोंड कोणाचं होतं?"

"तुमचं. पण ते हसरं होतं."

"मग आता न हसरं बघून घे. उचल हत्यार."

बाया मागोमाग आल्या. नणंद भिंतीला धरत धरत आली. कुलूप चांगलं निघालं. कुलूपवाल्यानंच विकलं होतं ते, त्यामुळे तो मधूनमधून त्याचं कौतुकही करत होता. शेवटी ते कटकन निघालं आणि दार उघडलं.

आधी वास आला. ओलं लाकूड, बुरसलेली खळ, उंदरांच्या लेंड्या. मग डोळे सरावले, आणि अंधारातून अंडीवाली अंडीवालीकडे बघून हसली.

जमिनीपासून छतापर्यंत फलक रचलेले होते. एकावर एक, एकाला टेकून एक, आणि प्रत्येकावर तोच चेहरा. काही उलटे, काही आडवे. एकाच्या गालाला बुरशी आली होती, एकाचा डोळा उंदरांनी खाल्ला होता, पण हसू सगळ्यांचं शाबूत. संडासाच्या भांड्यावर एक फलक झाकणासारखा पालथा घातला होता.

तेवढ्यात एक कोथिंबीरवाली चुकून हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

अंडीवाली फलकांमधून वाट काढत आत शिरली. कोपऱ्यात नळ होता. तिनं तोटी फिरवली. नळ खोकला, तांबडं पाणी ओकला, आणि मग स्वच्छ, जोरदार धार बादलीविना फरशीवर सांडू लागली.

पाणी होतं. पहिल्या दिवसापासून होतं.

तिला खरोखरच ओकारी आली. बाहेर येऊन ती भिंतीशी वाकली. नणंदेनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

*

बातमी भाऊपर्यंत पोचायला किती वेळ लागणार? तो सभेला निघाला होता, इस्त्रीचे कपडे, गळ्याभोवती अत्तराचा ढग. धावत आला तोवर बायांनी निम्मे फलक बाहेर काढून चिखलावर पसरले होते, आणि त्यांच्यावरून ये-जा चालू होती.

"अगं, काय करता! पाय काय देता? सागवानी चौकटी आहेत त्या! पुढच्या निवडणुकीला लागतील!"

"म्हणून इथं ठेवले?" अंडीवालीनं विचारलं.

"मग कुठं ठेवणार? घरात जागा आहे? बाहेर रंग उडतो. ही एकच सरकारी खोली अशी, की जिथं कोणी येत-जात नाही."

"कोणी येत-जात नाही," नणंदेनं सावकाश म्हटलं.

"तुझ्याच चेहऱ्याची काळजी घेतली ना मी?" भाऊ बायकोला समजावू लागला. "उघडायचंच होतं. निवडणुकीच्या तोंडावर उघडलं, की लोकांच्या लक्षात राहतं. आत्ता उघडून काय उपयोग? तुला नाही कळायचं."

"तुम्हाला माहितीये, मी फोटोत का हसले होते?"

"फोटोवाला चांगला होता."

तिनं सांगितलं. पांढऱ्या फरशा, नळ, आतली कडी. सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. भाऊनं ऐकून घेतलं, इकडे तिकडे बघितलं, चार माणसांत बाजू सावरायची त्याला सवय होती, आणि तो हसून म्हणाला, "मग बरोबर जागीच ठेवला की तुझा चेहरा!"

कोणीही हसलं नाही. कुलूपवालासुद्धा नाही, आणि तो भाऊच्या विनोदांना आयुष्यभर हसत आला होता. अंडीवालीनं नवऱ्याकडे बघितलं. एक डोळा किंचित मिटला. अत्तराखालून तिला तोच वास आला, ज्या वासाचं अंडं ती न फोडता बाजूला ठेवायची. इतकी वर्षं एका ताटाशेजारी ताट मांडून आपल्याला तो आला कसा नाही, याचीच तिला किळस वाटली.

मग नणंद बोलली. दाराच्या चौकटीला धरून उभी होती ती.

"बाळ्या, लहानपणी संडासला घराबाहेर जावं लागायचं. तुला अंधाराची भीती वाटायची. आठवतं?"

"ताई, इथं कशाला ते—"

"मी न्यायचे तुला हात धरून. दाराला कडी नव्हती. मी बाहेर उभी राहून दार धरून ठेवायचे, तू आतून दर मिनिटाला हाक मारायचास, 'ताई, आहेस ना?' आणि मी म्हणायचे, आहे." तिला दम लागला. "मी एकदाही सोडलं नाही दार."

भाऊनं खिशातून फोन काढला. फोन वाजला नव्हता. "सभेची वेळ झाली," तो पुटपुटला आणि वळला.

"तिथं माझ्या खुर्चीत बसू नका," अंडीवाली मागून म्हणाली. "मी येतेय. आज मेंबरबाईंचं वेगळं मत आहे."

भाऊ थांबला नाही, पण बायांनी पसरलेल्या फलकांवरूनच त्याला जावं लागलं. बुटांना चिखल लागला होता. एकेका हसऱ्या चेहऱ्यावर एकेक ठसा उमटत गेला.

*

भांडं घासलं, फरशी घासली, उंदरांची बिळं बुजवली. सगळ्याजणी राबल्या. नणंद बादली उलटी घालून तिच्यावर बसली आणि कुठं राहिलं ते बोटानं दाखवत होती. मग तिला आत जायची घाई झाली, आणि दार लोटल्यावर तिची हाक आली, "वहिनी, कडी कुठाय गं?"

अंडीवालीनं दार तपासलं. बाहेरून तो जाडजूड कडी-कोयंडा. आतून काहीच नाही. एक भोकसुद्धा नाही. ज्यांनी नकाशा काढला, ज्यांनी मंजूर केला, ज्यांनी बांधला आणि ज्यांनी संगमरवरावर नावं कोरली, त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं, की या दाराच्या आत कधी माणूस असेल.

"थांबा वन्सं. मी दार धरते." आणि कुलूपवाल्याला तिनं म्हटलं, "हे बाहेरचं सगळं काढ. आत लाव."

"मग बाहेरून कुलूप कसं लागणार?"

"लावायचंच नाहीये."

त्याला ते पटायला जरा वेळ लागला, धंद्याचा प्रश्न होता. मग त्यानं स्क्रू काढायला घेतले. कडी-कोयंडा दाराच्या आतल्या बाजूला बसला. लोखंडी होता, पितळी नव्हता, आणि चकचकीत तर मुळीच नव्हता.

नणंद पुन्हा आत गेली. बाहेर सगळ्या बाया उभ्या होत्या, आणि सवयीनं दोघींनी तोंडं बाहेर केली होती, मोठ्यानं भाज्यांबद्दल बोलायच्या तयारीत. कडी खर्रकन सरकली. वरच्या खिडकीतून कोणीतरी शीळ घातली. आतून नणंदेचा आवाज आला, पूर्वीसारखा, अख्खी मंडई दणाणून सोडणारा:

"वाजव मेल्या, वाजव! दिवसभर वाजव!"

ती बाहेर आली तेव्हा नाक मुरडलेलं होतं. अगदी भावजयीसारखं. "वास जात नाही गं अजून आतला."

"इतक्यात जायचा नाही," अंडीवाली म्हणाली. "माझंच तोंड कुजत पडलं होतं तिथं." आणि तिनं बाटली पुढे केली. नणंदेनं ती तोंडाला लावली. घोट गालांत घेतला. सगळ्याजणी बघत होत्या. गळा हलला. पुन्हा हलला. बाटली अर्धी झाली तेव्हा तिनं ती खाली केली, आणि तोंडावरून हात फिरवला.

उरलेली अर्धी अंडीवालीनं घेतली आणि उभ्या उभ्या संपवली. सभेला जाण्याआधी तिनं पाणी प्यायल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, वेडी झालीस? तिथं तीन-तीन तास चालतं म्हणालीस ना? तिथं कुठं जाशील?"

"तिथंही आहे एक जागा. आत सायकल आहे म्हणतात."

तिनं कुलूपवाल्याकडे हात पुढे केला, "स्क्रू ड्रायव्हर दे तुझा. उद्या परत आणते," आणि तो अंड्यांच्या पिशवीत टाकून, नाक तसंच मुरडलेलं ठेवून, ती नगरपालिकेच्या रस्त्याला लागली.